अकरा गळे, एक तेरवी

कारंज्यापासून बारा किलोमीटर आत सावळटेक नावाचं गाव आहे. या गावात दहा वर्षांत थायरॉईडचा कॅन्सर एकालाही झाला नव्हता. मागच्या वर्षी एकदम अकरा जणांना झाला. हवा तीच, विहीर तीच, मीठही तेच. फरक एवढाच, की सरपंच भैयाजींच्या वाढदिवसाला त्यांच्या साडूनं सोनोग्राफीची मशीन आणून फुकट शिबिर लावलं, आणि मशीनसोबत आलेल्या माणसाला फक्त गळाच बघता येत होता. दोन दिवसांत तीनशे गळे बघून झाले. पुढे दवाखान्यात तपासण्या झाल्या, आणि अकरा गळ्यांत मसुराएवढ्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या.

वर्ध्यात कॅन्सरची नोंद ठेवणारं एक छोटं ऑफिस आहे. तिथले प्रमुख वासुदेवराव सावळटेकचा आलेख बघून अस्वस्थ झाले. रोग्यांची रेघ सरळ वर गेलेली, आणि मृत्यूची रेघ खाली म्हशीसारखी बसलेली.

"अकरा रोगी अन् मेला एकही नाई? मेलेले गेले कुठं?"

ऑफिसातल्या डॉक्टर जागृती म्हणाल्या, "सर, शोधलं म्हणून सापडलं. यातल्या बऱ्याच गाठी माणसाच्या सोबत शंभर वर्षं नांदतात. मरत नाहीत, म्हणून मेलेले नाहीत."

"मॅडम, पुढच्या महिन्यात वरचे साहेब येऊन राह्यले. त्याईले काय सांगू, नांदते म्हणून?" मग ते सचिनकडे वळले. "तू नीट शोधत नाईस."

हा आरोप खोटा होता. गावोगाव फिरून मृत्यू शोधायचं सचिनचं काम होतं आणि त्याची पद्धत पक्की होती. मृत्यूची नोंद करायला लोक विसरतात, तेरवीच्या पत्रिका वाटायला विसरत नाहीत. पत्रिका मिळाली की सचिन जायचा, पंगतीत बसायचा. दुःखाच्या घरी 'कशानं गेले' असं विचारणं बरं दिसत नाही, म्हणून नुसता ऐकत जेवायचा आणि घरी येऊन फॉर्म भरायचा.

त्याच आठवड्यात त्याच्या व्हॉट्सअॅपवर सावळटेकची पत्रिका आली. अनुसयाबाई, वय बहात्तर. अकरांपैकी सातव्या.

अनुसयाबाईंचं वेगळंच चाललं होतं. त्या एकट्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मंगळवारच्या खंजिरी भजनात पहिला सूर त्यांचा. दवाखान्यातून ऑपरेशनसाठी रोज फोन यायचा. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर एक ओळ होती : क्वचित आवाज बदलू शकतो.

"आवाजच गेला तं मी राहून काय करू?" त्यांनी भैयाजींना विचारलं. "अन् ऑपरेशनमंदी मेली तं तेरवी कोण करन? मी आत्ताच करून टाकतो. माह्या तेरवीत माहेच भजन."

"जिवंतपणी, काकू?"

"मंग? मेल्यावर मले वडे भेटन काय?"

कारंज्याच्या छापखान्यानं नेहमीचा मजकूर छापला. खाली 'शोकाकुल परिवार' असंही टाकलं. मंडपवाल्यानं सवयीनं त्यांच्या लग्नातल्या फोटोला हार घातला.

सचिन पोचला तेव्हा भजन नुकतंच संपलं होतं. गाणारी म्हातारी आता वडे वाढत होती.

"आजी, काय आवाज आहे तुमचा!"

"घे बाबू, कढी घे."

फोटोकडे बघून सचिन हळूच म्हणाला, "लय चांगल्या होत्या म्हणतात."

"हो बाप्पा, आज सगळेच तेच म्हणून राह्यले," म्हातारी म्हणाली आणि त्याच्या पानात तिसरा वडा टाकला.

मृत्यूची रेघ शून्यावरून एकवर गेली. कॉम्प्युटर टक्केवारी देईना, तेव्हा वासुदेवरावांनी हातानं लिहिलं : 'लक्षणीय वाढ'. दवाखान्याच्या यादीतून अनुसयाबाईंचं नाव उडालं आणि फोन बंद झाले.

जागृती मॅडमना मात्र चार मिलिमीटरच्या गाठीनं दोन महिन्यांत माणूस मेला हे पटेना. त्यांनी सचिनला परत पाठवलं. दार वडे वाढणाऱ्या म्हातारीनं उघडलं.

"अनुसयाबाईंचं घर ना? त्यांचे नातेवाईक..."

"मीच अनुसया. काऊन?"

सचिन ओट्यावर बसला. पाणी प्यायला. मग सगळं सांगितलं, आणि म्हणाला, "आजी, तुमाले जिवंत करावं लागते."

"काई गरज नाई. मेल्यापासून एक फोन नाई आला. लय बरं वाटून राह्यलं."

सचिननं मॅडमना फोन लावून दिला. मॅडमनी समजावलं, की एवढ्या गाठीला लगेच कापायलाच पाहिजे असं नसतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून घेते. दरवर्षी सोनोग्राफी करू, वाढली तर बघू.

"कापणार नाई?"

"आत्ता तरी नाही."

"डॉक्टरच्या सहीनं लिहून पाठव, बाई. मंग होतो मी जिवंत."

चिठ्ठी आठ दिवसांत आली. अनुसयाबाईंनी ती देवाच्या फोटोमागं ठेवली आणि जिवंत व्हायला होकार दिला. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरात मेलेल्याला जिवंत करायची सोय नव्हती. वासुदेवरावांनी त्यातल्या त्यात बरा मार्ग काढला : अनुसयाबाईंची नवीन रोगी म्हणून नोंद केली. रोगी बारा, मृत्यू एक. पुढच्या महिन्यात साहेब आले, त्यांनी आलेख बघितला. दोन्ही रेघा वर जाताहेत हे बघून त्यांचं समाधान झालं. जागृती मॅडमनी हात वर केला होता, पण तोवर चहा आला.

नवीन रोगी म्हटल्यावर दवाखान्याच्या यादीत नाव आपोआप चढलं. पुढच्या मंगळवारी ऐन भजनात अनुसयाबाईंचा फोन वाजला.

"अनुसयाबाई बोलताय का? ऑपरेशनची तारीख घ्यायची होती."

अनुसयाबाईंनी खंजिरी मांडीवर ठेवली.

"ते तं मेली, बाई. तेरवी पण झाली. तुमचाच माणूस येऊन जेवून गेला, इचारा त्याले. तीन वडे खाल्ले त्यानं."

फोन ठेवला आणि सुटलेला सूर तिथूनच उचलला.