नळीतला हिरवा उजेड

पडदे ओढलेल्या दालनात शे-दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. उजेडमहाराजांनी एका म्हाताऱ्याच्या डोळ्याच्या कडेला कापसाची काडी फिरवली, पिवळसर 'संजीवनी'च्या नळीत बुडवली आणि निळा दिवा लावला. नळी हिरवीगार उजळली!

"हे विस्मृतीचं विष! गोळ्या बंद, माझा अर्क सुरू. पाच आठवड्यांत नळी काळी!"

गर्दीत प्रयोगशाळेत काम करणारी एक बाई आईवडिलांसोबत उभी होती. आईचा अर्काचा आज पाचवा आठवडा. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आईच्या गोळ्या परस्पर बंद केल्याचं लेकीला परवाच कळलं होतं. त्या पाच आठवड्यांत आई चमचा धरायचंही विसरली होती.

आईची नळी काळी निघाली. अण्णा आईकडे वळले. "उतरलं गं विष! आता तरी ओळखलंस ना मला?"

आईनं अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

लेकीला राहवलं नाही. नव्या रोग्यांच्या काड्या लाल डब्यातून येतात, जुन्यांच्या पांढऱ्या डब्यातून, हे तिनं हेरलं होतं. तिनं लाल डब्यातली काडी उचलली, पिण्याच्या पाण्यात भिजवून नळीत घातली. हिरवा उजेड!

"पाणीसुद्धा विसरभोळं झालं का, महाराज?"

मग ती लोकांकडे वळली. "नळीतला हा साधा रंग आहे. पाण्यात त्याच्या रेणूचे दोन भाग गरगरतात आणि मिळालेला उजेड वाया घालवतात. अमायलॉइड प्रथिनाचे तंतू भेटले, की त्यांच्या खाचांत रेणू अडकतो. गरगरणं थांबतं, म्हणून चमकतो. असे तंतू अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनापासूनही बनवता येतात. काल इथल्या लाल डब्यातली एक काडी नेऊन मी तपासली. तिच्यावर तेच वाळवलेत. आईच्या मेंदूतही तसेच तंतू साचलेत. पण ते डोळ्यातल्या पाण्यात असे दिसत नाहीत, आणि अर्कानं विरघळतही नाहीत."

महाराज मागच्या दारानं पसार झाले. अण्णा तिथंच उभे.

"म्हणजे ही बरी होणार नाही?"

"नाही, अण्णा."

"आणि गोळ्यांनी?"

"घसरण जरा सावकाश झाली असती."

"असती," अण्णा पुटपुटले. "ते दिवस मीच घालवले."

लेकीला 'नाही' म्हणायचं होतं. पण ते खोटं ठरलं असतं. तिनं फक्त त्यांचा हात धरला.

दुःख खरं असतं, म्हणून त्यावरचा प्रत्येक दिलासा खरा ठरत नाही. चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी एवढं विचारा: यात घातलंय काय? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या माणसाची गोळी थांबवू नका.