नाळेतली टकटक

होडीची नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, आत्याच्या वडिलांनी आडवी लाकडी भिंत घालून बंद करून टाकली होती. धडक बसून पुढची फळी फुटली तरी पाणी तेवढ्या खणातच अडावं आणि होडी तरंगत राहावी, म्हणून. खणाला वरून एक झाकण होतं, जेमतेम लहान मूल आत उतरेल एवढं. वडील बाहेरून नाळेवर बादल्या ओतायचे आणि आत्याच्या धाकट्या भावाला आत बसवायचे. गळेल तिथे एकदा ठोकायचं, सगळं कोरडं असेल तर दोनदा. काय ऐटीत ठोकायचा तो! जसा काही होडीचा मालकच.

मोठेपणी तोच भाऊ या होडीतून गेला आणि आला नाही. होडी आली, पुढची फळी फुटलेली, काठोकाठ पाणी भरलेली, दुसऱ्यांनी ओढत आणलेली. तेव्हापासून ती शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. आता त्याची मुलगी तिला डागडुजी करून उद्याच्या भरतीला पाण्यात लोटणार होती.

"आत्या, आता फक्त तू हो म्हण. परीक्षकासारखं तोंड करू नकोस."

"तोंड जन्मापासून असंच आहे," आत्या म्हणाली.

दोघींनी नाळेवर चार बादल्या ओतल्या, मग आत येऊन भिंतीपाशी कान देऊन बसल्या.

टक.

"उंदीर असणार," भाची म्हणाली. तिने वर जाऊन झाकण उघडलं, बॅटरी मारली. खण रिकामा. कोरडा, धूळ बसलेला.

आत्या भिंतीकडेच बघत होती. आवाज डावीकडून, तळापासून चार बोटं वरून आला होता. ती जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती.

पुन्हा बादल्या झाल्या. पुन्हा टक, तिथेच.

"थांब, मीच सांगते त्याला." भाचीने हसत त्या जागी दोनदा ठोकलं. "कोरडं आहे! झालं समाधान? निघते मग मी उद्या."

आत सामसूम. मग अगदी सावकाश, तिच्या तळव्याखालीच, टक.

भाचीने हात मागे ओढला. "आत कोण आहे?"

आता गप्प बसून चालणार नव्हतं. पोर उद्या याच भिंतीच्या भरवशावर निघाली होती.

"तुझा बाबा गेला त्या वर्षी खणात पाणी साचायचं," आत्या म्हणाली. "ते उपसून उपसून त्याची कंबर धरायची. म्हणून मी गिरमिटाने भिंतीला भोक पाडलं. पाणी आपसूक मागे पंपाकडे जाईल, म्हटलं. त्याला सांगायचं राहून गेलं. होडी परत आली तेव्हा कुणी बघायच्या आत भोकात सुताराची लांबी लिंपली, वर रंग दिला. लांबीवर रंग टिकतो गं. पाणी नाही अडत."

भाचीने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला.

आत्याने रंग खरवडला. लांबीचा खडा निसटून खाली पडला आणि मागोमाग त्या कोरड्या खणातून पाण्याची बारीक धार तिच्या मनगटावर आली. बर्फासारखी गार. भाचीने बोट भिजवून जिभेला लावलं. खारट.

धार थांबली तेव्हा भाचीने लाकडाचं बूच आणि हातोडी आत्याच्या मांडीवर ठेवली.

"उद्या जात नाही मी. ठोक तू. घट्ट बसलं की नाही ते बाबा सांगतील."