भिंतीची जाडी

शाळेतल्या मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत आर्किटेक्चरचं शिबिर होतं. मी त्यात नाव घातलं ते दिवसभर घराबाहेर राहता यावं म्हणून. घरात बाबा आणि मोठे काका यांचा अबोला चालला होता. भांडण कशावरून जुंपलं हे दोघांनाही धड सांगता येत नव्हतं, पण "त्याला सांग, बिल भरलंय", "त्याला म्हणावं, दिसलं" अशी निरोपांची ने-आण मी आणि माझी चुलत बहीण ठमी करत होतो. शेवटी दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, घराच्या मधोमध भिंत घालायची. भिंत आली की आमची दोघींची खोली जाणार आणि ठमी पलीकडे जाणार, हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मला मात्र त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

शिबिरात पहिलंच काम राहत्या घराचा नकाशा काढायचं होतं. हे कळल्यावर बाबा म्हणाले, नाहीतरी शिकतेच आहेस, भिंतही तूच दाखव. मी मुकाट्याने टेप घेऊन घर मोजलं आणि पट्टीने मधोमध एक रेघ ओढली. मॅडमनी तिच्यावर पेन्सिल टेकवली.

"ही भिंत आहे की नुसती इच्छा? भिंतीला जाडी असते."

सगळे नवशिके हीच चूक करतात म्हणे.

घरी येऊन मी जाडी किती ते विचारलं. पलीकडचा आवाज यायला नको म्हणून काकांना चांगली नऊ इंची हवी होती. बोलतच नाहीत तर आवाज कसला यायचा, हे मी मनातच ठेवलं. मग ते नऊ इंच कोणाच्या बाजूने घ्यायचे यावर गाडी अडली. बाबांनी मला सांगितलं, मी काकांना, काकांनी ठमीला. निरोप फिरून येईपर्यंत बाबांना दम धरवेना. ते थेट काकांकडे वळले आणि दोघे कडाकडा भांडले. कित्येक महिन्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून भांडले. ठमीने मला हळूच चिमटा काढला.

त्यानंतर मी खोटं काहीच केलं नाही, फक्त काम चोख केलं. नकाशातल्या भिंतीमुळे मधल्या खोलीत उजेड येत नव्हता. दार उघडलं की कपाटावर आपटत होतं. पाइप काकांकडे जात होता आणि नळ आमच्याकडे राहत होता. रोज संध्याकाळी मी टेबलावर कागद पसरायची आणि दोन डोकी त्यावर वाकायची. असला पाइप कोणी बसवला, असं एकदा बाबांनी तणतणत विचारलं. तूच, असं म्हणून काका चक्क हसले.

शिबिराच्या शेवटी प्रदर्शन होतं आणि मॅडम अर्धवट नकाशा घेत नव्हत्या. ठमी म्हणाली, मुद्दाम एखादी चूक ठेव. पण हात धजेना. मला या कामाची गोडी लागली होती, हेही खरंच. मी बसून उजेड, दार, पाइप सगळं सोडवलं आणि भिंत दोन्हीकडून निम्मी निम्मी घेतली. नकाशा पूर्ण झाला तेव्हा मला रडू आलं. आता गवंड्याला बोलवायला कोणतीच अडचण उरली नव्हती.

प्रदर्शनाला बाबा आणि काका बरोबरच आले. दोघे माझ्या नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. बाबांनी त्या भिंतीवरून एकदा बोट फिरवलं. मॅडम कौतुकाने सांगू लागल्या की यंदाच्या सगळ्या मुलांत इतका नेटका नकाशा दुसरा नाही.

"दादा," बाबा म्हणाले, "हिचं काहीतरी चुकलंय."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "चुकलंयच. असं नाही जमायचं. पुन्हा काढू दे तिला, सावकाश."

मॅडमना राहवलं नाही. "कुठे चुकलंय, दाखवा तरी."

"ते तुम्हाला नाही कळायचं," काका म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. उभ्या आयुष्यात मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

"हो मॅडम," मी म्हणाले, "चुकलंय."