बिनभोकाचं बटण

मी पोटतिडकीने बोलतेय, आणि तेही खरोखरीच्या पोटातून. मी एक कॅप्सूल आहे, पण माझ्यात औषध नाही. बोटाच्या पेराएवढ्या माझ्या देहात एक डोळा, चार बारीक दिवे आणि दिवसभर पुरेल एवढी बॅटरी आहे. मला गिळायचं असतं. आत जाऊन मी फोटो काढते.

माझा जन्म एका लख्ख खोलीत झाला. तिथल्या सगळ्यांनी डोक्याला टोपी घातली होती आणि तोंड झाकलं होतं. त्यामुळे माझे आईबाप कोण, ते मला आजही सांगता येत नाही. पुढे मी डबीत झोपून राहिले. डबी उघडली तेव्हा समोर मास्तर होते.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. चाळीस वर्षं पायांनी मशीन चालवलेले. वर्षभर त्यांच्या अंगातलं रक्त कमी होत चाललं होतं. वरून नळी घालून झाली, खालून घालून झाली, काही सापडलं नाही. राहिलं मधलं लहान आतडं, जिथे नळी नीट पोचत नाही. मास्तरांच्या थोरल्या भावाला तिथेच गाठ झाली होती, आणि ती कळली तेव्हा फार उशीर झाला होता. अशा घरातल्या माणसाला धोका जास्त, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. मास्तरांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच त्या भावाचं नाव काढत नव्हत्या.

नर्सने मास्तरांच्या कमरेला पट्टा बांधला. मी पाठवलेले फोटो त्यात साठतात. पट्टा ढिला आहे, दोन बोटं आत घ्या, असं मास्तरांनी तिलाच शिकवलं. मग आतडं किती लांब असतं, ते विचारलं. सहा मीटर तरी असेल, ती म्हणाली.

"म्हणजे दोन शर्ट होऊन पिशवीपुरतं उरेल," असं म्हणून मास्तरांनी मला घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकलं.

खाली उतरले तर तिथे आधीच कुणीतरी बसलेलं. पांढरी, गोल, कडेने विरघळू लागलेली एक गोळी. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, मग ही इथे कशी? मी तिला तसं विचारलं.

"तू आजची," ती म्हणाली. "मी रोजची."

उगाच वाद नको म्हणून मी तिचा फोटो काढला आणि पुढे निघाले.

पुढची वाट ओली, गुलाबी, मखमलीसारखी. पण निम्म्या वाटेवर बारीक बारीक जखमा दिसू लागल्या. एकीतून रक्त पाझरत होतं. एके ठिकाणी तर वाट इतकी आवळलेली, की घट्ट कॉलरमध्ये मान अडकावी तशी मी अडकले. तासभर तिथेच. इकडे बॅटरी उतरत चाललेली. पुढे ती गाठ असली आणि मी इथेच आंधळी झाले, तर काकूंना कोण सांगणार? काकूंनी मास्तरांना गल्लीत फेऱ्या मारायला लावल्या होत्या. कुठल्या पावलाने ते ठाऊक नाही, पण मी सुटले. उरलेली वाट स्वच्छ होती. मोठ्या आतड्याच्या दारात पोचले आणि माझा डोळा मिटला.

कान मात्र शाबूत आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत होतो. दोघं खुर्च्यांवर, मी पोटात. बाईंनी पडद्यावर पहिल्याच काही फोटोंतला एक थांबवला आणि हे काय असेल म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "अहो, बटण गिळलंत की काय?"

"बटणाला भोकं असतात," मास्तर बोलून गेले.

"मग हे बिनभोकाचं काय आहे?" काकूंनी विचारलं.

पोटात गोळा येतो म्हणतात ना, तो कसा येतो ते मला तेव्हा कळलं. मी पार कुशीवर वळले.

मग मास्तरांनी हळूहळू सगळं सांगितलं. दोन वर्षं गुडघे ठणकत होते. शेजारच्या दुकानातून दुखण्यावरची गोळी आणायची, बॉबिनच्या डबीत लपवायची, रोज एक घ्यायची. काल तर दवाखान्याच्या नळावर हात धुता धुता घेतली. काकूंना कळलं तर त्या मशीन बंद करतील, म्हणून डॉक्टरीणबाईंनाही 'काही घेत नाही' असंच सांगितलं होतं.

"तुमच्या भावासारखं काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "या जखमा बहुतेक त्या गोळीच्याच. ती आजपासून बंद." गुडघ्यांसाठी दुसरं काहीतरी बघू, असंही त्या म्हणाल्या.

आता काकू रागावणार म्हणून मी अंग चोरून बसले. पण त्या नाक पुसून म्हणाल्या, "उद्यापासून मशीनवर मी बसते. तुम्ही काजं-बटणं करा."

मास्तर पुटपुटले, तुझी शिवण वाकडी जाते.

"वाकडी शिवण उसवता येते," काकू म्हणाल्या. तशी मास्तरांच्या पोटात सगळं एकदम सैल झालं, ते मला जाणवलं.

माझं काम संपलं. आज-उद्या मी निघेन. मास्तर नर्सला विचारत होते, हिला धुऊन परत आणून द्यायची का? नको हो मास्तर. मी एकाच माणसाची. निघाले की जाऊ द्या मला.

जाता जाता एवढंच मागणं. डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेता, तर सगळं सांगत जा. पोटातलं ओठावर यायला अंतर वीतभरच. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मला अख्खं आतडं पालथं घालावं लागलं.