रस्त्याचा पहिला चहा

हरणाबाईनं पहिला चहा ग्लासात गाळला आणि ग्लास तसाच हातात धरून ती समोर बघत उभी राहिली.

नदीच्या घाटाकडं उतरणाऱ्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर पहिला चहा माणसाचा नसतो. तो रस्त्यावर ओतायचा, मग गिऱ्हाईक. रोज समोरच्या टपरीतून मनुबाईचा आधी पडायचा. मुद्दाम लांब फेकायची. शिंतोडे हरणाबाईच्या पायरीपर्यंत यायचे. पुराच्या साली दोघी जावांनी चुली वेगळ्या केल्या, तेव्हापासून बोलणं नव्हतं. मनुबाई टपरीमागच्या खोलीत एकटी राहायची. आज तिच्या फळ्याच उघडल्या नव्हत्या.

"आवं वैनी, वता की," कृष्णेत पोहून आलेला तात्याबा फौजी तिच्या बाकड्यावर टॉवेलात कुडकुडत म्हणाला. "बर्फात ड्युटी केली, पर एवढी थंडी वाजली न्हाई."

"थांबा."

"तिनं उघडलं न्हाई तर तुमचंच भलं हाय. सगळं गिऱ्हाईक तुमचं."

घंटागाडी गाणं वाजवत खाली गेली. एरवी गाडीवाल्याशी भांडल्याशिवाय मनुबाईचा दिवस सुरू होत नसे. हरणाबाईनं पदर खोचला आणि ग्लास घेऊनच रस्ता ओलांडला.

तिनं फळीवर थाप मारली. मग आणखी एक, जोरात.

"मने!"

आत भांडं पडलं. बऱ्याच वेळानं एक फळी सरकली. मनुबाईच्या अंगावर घोंगडी होती, डोळे लालभडक. ती दारातच खाली बसली.

हरणाबाईनं तिच्या कपाळाला हात लावला. "कवापास्नं?"

"काल दुपारपास्नं." मनुबाईची नजर ग्लासावर गेली. "पैला हाय न्हवं? रस्त्याचा?"

"व्हय."

"मग मला कशाला?"

"रस्त्याला रोज मिळतोय. पी. उन्हं आली की दवाखान्यात जायचं."

मनुबाईनं दोन्ही हातांनी ग्लास धरला. अर्धा संपल्यावर म्हणाली,

"आलं अजून कमीच घालता, आक्का."

हरणाबाई परतली. दुसरा ग्लास गाळून तिनं आपल्या पायरीपुढं ओतला. तात्याबानं हात पुढं केला. पण तिनं आणखी एक गाळला, पुन्हा रस्ता ओलांडला आणि तो मनुबाईच्या फळ्यांपुढं ओतला.

तात्याबा त्या ओल्या डागाकडं बघत राहिला. मग टॉवेल खांद्यावर टाकून उठला आणि मनुबाईच्या बाकड्यावर जाऊन बसला.

"वैनी," तिथूनच तो ओरडला, "माझा हिकडं आणा. आन् आलं वाईच जास्त घाला."