हळद लावलेला ड्रम

मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. निलंग्याजवळच्या एका वस्तीत, गोठ्यामागे आडवा पडलेलो असतो. मित्रांनो, माझी कीव करू नका. आधी माझं ऐका.

साखर कारखान्यात माझा काय तोरा होता! तिथलं बोअरचं पाणी खारं, पोलादी नळ्या त्यात गंजून चाळणी व्हायच्या. माझ्या पोटात गंज थांबवणारं पिवळं रसायन होतं. ते थोडंसं पाण्यात मिसळलं की नळ्या शाबूत राहत. हातमोज्यांशिवाय मला कुणी शिवत नसे. रिकामा झालो तसा भंगारात गेलो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळानं ठाण मांडलं होतं. टँकरचं पाणी साठवायला या वस्तीतल्या साहेबरावांनी मला घरी आणलं. विसळायला पाणी कुठलं? राखेनं घासलं, झालं. त्यांच्या आईनं, धुरपताबाईंनी, मला हळदीकुंकू लावलं. पाणी भरलं, तसं माझ्या सांध्यांत दडलेलं रसायन हळूहळू सुटू लागलं.

"आत्याबाई, पानी पिवळं दिसायलंय," सून शिवकांता म्हणाली. तिला दिवस गेले होते.

"पूजंची हळद हाय ती. पी गुमान."

मला भीती वाटत होती, पण ड्रमला वाचा कुठली? शेजारच्या रांजणात डासांच्या अळ्या वळवळायच्या, माझ्यात एकही नाही. धुरपताबाई कौतुकानं सांगायच्या, "आमचं पानी लई निर्मळ!"

एकदा घरातला विळा हरवला. बऱ्याच दिवसांनी शिवकांताला तो माझ्या तळाशी सापडला. टँकरचं पाणीही खारंच, विळा तांबडा व्हायला हवा होता. तो नुकती धार लावल्यासारखा लखलखत होता. तो घेऊन ती सासूकडे धावली.

"आत्याबाई, ह्या पान्यात लोखंड गंजंना, किडा जगंना. माझं लेकरू कसं जगंल?"

तिनं खांदा लावून मला उलटं केलं. भर दुष्काळात ड्रमभर पाणी मातीत गेलं. धुरपताबाईंनी हात उगारला, सुनेच्या पोटाकडे पाहिलं आणि घागर घेऊन त्या शेजारी पाणी मागायला गेल्या.

बाळ सुखरूप आलं. नाव रुद्राणी. आता ती धावते, लपाछपी खेळते. बाहेरून मी पार गंजलोय, आतून मात्र अजून कोरा आहे. परवा ती माझ्यात लपली आणि बाहेर आली तेव्हा तिचे तळवे पिवळे होते.

मित्रांनो, मला जपू नका. कुणाला तरी सांगून मला इथून न्या. ती बघा, पुन्हा लपायला येतेय.