निवडणुकीच्या हंगामातला गिटारॉन

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण हसतात. मी गिटारीसारखा दिसतो, पण माझी पाठ गाभण गाईच्या पोटासारखी फुगलेली आहे आणि मान आखूड. मी जुना गिटारॉन आहे. मारियाची म्हणजे मेक्सिकन गाण्याबजावण्याच्या ताफ्यात व्हायोलिने गातात, ट्रंपेट मिरवतात, आणि मी मागे उभा राहून सगळ्यांचा ठेका सांभाळतो. मी वाजत असताना माझ्याकडे कोणाचे लक्ष नसते. मी थांबलो की मात्र नाचणाऱ्यांचे पाय चुकतात.

माझा जन्म मेक्सिकोतल्या पाराचो गावी झाला. तिथल्या रेमिजिओ नावाच्या कारागिराने हलके लाकूड तासून, वाफवून, वाकवून मला घडवले. तो माझ्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करी, कान लावून ऐके, पुन्हा थोडे तासे. मग एक दिवस टेक्सासहून एलिसेओ बारेरा आला. बुटका, रुंद छातीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने कितीतरी वाद्ये हाताळली आणि शेवटी मला छातीशी धरले. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला की हे धूड वर टपावर टाका. एलिसेओने ऐकले नाही. सबंध वाट मी त्याच्या मांडीवर बसून आलो.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागात, मेक्सिकन लोकांच्या वस्तीत, त्याचे घर होते. पुढे कित्येक वर्षे आम्ही लग्ने वाजवली, बारशी वाजवली, मातृदिनाच्या पहाटे लोकांच्या आयांना खिडकीखाली उभे राहून उठवले. कोणाच्या मयतीत वाजवताना ट्रंपेटवाला फिदेन्सिओ रडू लागला की सूर फाटे, आणि एलिसेओ माझ्या तारा जरा जास्त जोरात ओढून ते झाकून घेई. माझ्या दोन जाड तारा एकदम ओढाव्या लागतात. त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. बायको तोमासा म्हणे की ह्याने गालाला हात लावला की गाल सोलून निघतो.

आणि वसंत आला की निवडणुकीचा हंगाम येई. अहाहा, काय दिवस होते ते! चर्चच्या बागेत भाजलेल्या मांसाचा धूर, झाडांना बांधलेली कागदी तोरणे, बर्फात पुरलेल्या बाटल्या. गोरे उमेदवार आपल्या डोक्याला न बसणाऱ्या मोठ्या टोप्या घालून येत आणि स्पॅनिशमध्ये पाठ केलेले एकच वाक्य बोलत. एलिसेओ जुन्या नाचाच्या चालीवर त्यांची नावे बसवी, आणि ती गाणी स्पॅनिश रेडिओवरून दिवसभर वाजत. एका उमेदवाराचे नाव इतके लांब होते की कडवे संपले तरी नाव संपेना. फिदेन्सिओने सुचवले की अर्धे नाव या निवडणुकीत गाऊ, उरलेले पुढच्या. पोरे गल्लीत तीच गाणी म्हणत. उमेदवार पडे, गाणे मात्र उरे.

एलिसेओचा एक नियम होता. ज्याने आधी शब्द घेतला, त्या हंगामात त्याचेच वाजवायचे. दुसऱ्याचे नाही.

त्याला एकच मुलगी होती, ग्रासिएला. सगळे तिला चेला म्हणत. एलिसेओ बायकोशी स्पॅनिश बोले, माझ्याशी स्पॅनिश बोले, पण चेलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीतच बोले. तोमासालाही त्याने तसेच बजावले होते. का, ते तो कोणाला सांगत नसे. चेला शिकली, गणिताची शिक्षिका झाली, आणि तिचे इंग्रजी रेडिओवरच्या बातम्यांसारखे स्वच्छ होते.

आमच्या गल्लीमागे एक नाला होता. मोठा पाऊस झाला की तो घराघरांत शिरे. एकदा तर तोमासाची शिवणयंत्राची खोली पार बुडाली आणि मला कपाटावर चढवून ठेवावे लागले. नगरपालिकेत आमच्या भागाचे सदस्य होते वॉरन पिकेट. ते तरुणपणी मेक्सिकोत राहिलेले, त्यामुळे स्पॅनिश असे बोलत की पाद्रीसुद्धा कौतुक करी. माणूस हसरा होता. नाला मात्र होता तसाच होता.

त्या वर्षी एका रविवारी जेवताना चेलाने सांगितले की ती पिकेटविरुद्ध उभी राहते आहे. एलिसेओचा चमचा वाडग्यातच राहिला. पिकेटना त्याने आदल्याच आठवड्यात शब्द दिला होता.

तोमासा म्हणाली, "मग सांग त्यांना जाऊन. पोटच्या पोरीपुढे कसला शब्द?"

चेला शांतपणे म्हणाली, "नको, अपा. तुम्ही शब्द फिरवलात तर लोक म्हणतील, बाप असा तर लेक कशी असेल? तुम्ही त्यांचंच वाजवा."

तोमासाने त्यानंतर कितीतरी दिवस मला पुसले नाही. जणू पिकेटना शब्द मीच दिला होता.

मग चेला स्पॅनिश रेडिओवर बोलायला गेली. 'कंटाळले' आणि 'लग्न झालेली' हे स्पॅनिशमधले शब्द एका अक्षराने वेगळे आहेत. ती म्हणायला गेली की या पुराच्या पाण्याला मी कंटाळले आहे, आणि म्हणून बसली की या पुराच्या पाण्याशी माझे लग्न झाले आहे. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने एलिसेओला विचारले की लग्नाला आम्हाला का बोलावले नाही. फिदेन्सिओ तर तालमीलाच म्हणाला, "कंपाद्रे, दोस्ता, जावई ओला मिळाला, पण दरवर्षी घरी येतो, एवढं तरी आहे." सगळे हसले. एलिसेओही हसला, पण त्या दिवशी त्याची बोटे माझ्या तारांवर दोनदा घसरली.

मतदानाच्या आधीच्या रविवारी चर्चच्या बागेत दोन्ही उमेदवारांची सभा ठेवली होती. आम्ही चांदीच्या बटणांचे काळे पोशाख घालून पिकेटच्या बाजूला उभे होतो. पिकेट आधी बोलले. सुंदर बोलले, एक क्रियापद चुकले नाही. शेवटी हसत म्हणाले, "मी जन्मानं परका, पण तुमची भाषा शिकलो. काही घरांत मात्र आपल्याच मुलीला ती शिकवायला कोणाला सवड झाली नाही."

लोक हसले. एलिसेओचा हात माझ्या मानेवर घट्ट झाला. पण ठरलेली धून वाजवायची होती, ती त्याने शेवटपर्यंत वाजवली.

मग चेला उभी राहिली. सगळ्यांना वाटले, ती इंग्रजीत बोलेल. तिने स्पॅनिशमध्ये सुरुवात केली.

"माझी भाषा वाकडा आहे. मला माहीत. पण पाणी भाषा विचारत नाही. पाणी घरात येतो."

"येतं, पोरी, येतं," समोरची एक म्हातारी म्हणाली.

"येतं," चेला म्हणाली. "आभारी आहे, आजी."

पुन्हा हशा झाला, पण तो वेगळा होता. ती अडखळली की कोणीतरी शब्द पुरवी. गाळ, उंबरा, गादी, बुरशी. ती तो शब्द घेई आणि पुढे जाई. असे करता करता निम्मी सभाच तिचे भाषण करू लागली. मग ती थांबली.

"माझे अपा लहान होती. शाळेत. मैदानावर स्पॅनिश बोलली. बाईंनी हात असा करायला सांगितला." तिने तळहात पुढे केला. "मग त्याच्यावर... त्याच्यावर..."

शब्द येईना. लोक सुचवू लागले. छडी? पट्टा? काठी? ती मान हलवत राहिली.

माझ्या डोक्यावरून एलिसेओचा आवाज आला. "पट्टी. मोजायची लाकडी पट्टी."

बागेतल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. ही गोष्ट एलिसेओने लेकीला कधीच सांगितली नव्हती. तोमासाने सांगितली असणार. चेलाने मागे वळून पाहिले नाही.

"पट्टी," ती म्हणाली. "म्हणून घरी मला इंग्रजी मिळाला. माझा हात वाचावा म्हणून."

मित्रांनो, पिकेटना दिलेला शब्द एलिसेओने मोडला नाही. त्या हंगामात त्याने लेकीसाठी एक सूरही वाजवला नाही. पण त्या दुपारी त्याने तिला एक शब्द दिला, आणि तो देताना त्याच्या छातीची धडधड माझ्या पाठीत घुमत होती, ती मला अजून ऐकू येते.

सभा संपल्यावर पिकेट आमच्याजवळ आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, मी ते बोलायला नको होतं."

एलिसेओ म्हणाला, "तुमचं स्पॅनिश चांगलं आहे, साहेब. खरंच चांगलं आहे." आणि तो माझ्या तारा सैल करू लागला.

चेला थोडक्यात हरली. पण पुढच्या निवडणुकीला अजून अवकाश होता, थंडीसुद्धा सरली नव्हती, तेव्हाच ती दार वाजवून आत आली आणि उभ्याउभ्याच, चुका न करता, स्पॅनिशमध्ये म्हणाली, "अपा, या वेळी सगळ्यांच्या आधी मी आले." त्या वसंतात आम्ही जे वाजवले, तसे पुन्हा कधी वाजवले नाही. ती जिंकली. नाल्याला भिंती बांधल्या गेल्या. तोमासाने मला स्वतःच्या ॲप्रनने पुसले.

त्यानंतर वर्षे गेली. एलिसेओची बोटे आखडली, आणि एका उन्हाळ्यात तो गेला. फिदेन्सिओ त्याच्याआधीच गेला होता. ताफा मोडला. आता निवडणुकीची गाणी यंत्रावर तयार होतात आणि लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये वाजतात. घर आवरण्याच्या घाईत मला पाणी तापवायच्या यंत्राच्या कपाटात, तारा ताणलेल्या तशाच ठेवून, उभे केले गेले. उष्णतेने माझ्या पाठीचा सांधा उकलला. त्या अंधाऱ्या कपाटात मी किती वर्षे होतो, मला सांगता येणार नाही. शेवटी चेलानेच मला बाहेर काढले, फट बोटाने चाचपली, आणि दुरुस्तीला दिले.

आता मी तिच्या दिवाणखान्यात असतो. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने वाद्य असेल. ठेवताना त्याच्या तारा सैल करा. उन्हापासून, आगीपासून दूर ठेवा. आणि घरात एखादी भाषा अशीच कोपऱ्यात उभी असेल, आजीची, आजोबांची, तर तिलाही हात लावा. आमच्यासारख्यांना शोभेसाठी भिंतीवर टांगू नका. खाली काढा, छातीशी धरा, वाजवा. चुकलात तर कोणीतरी हसेल, आणि बहुधा तोच पुढचा सूर सांगेल.